जित्या हातावरून

जळगाव, ता. ९ नोव्हेंबर १९१७

राजमान्य राजेश्री सोमसिंग चव्हाण, खेचरांची पलटण, मुक्काम बसरा, यांस धाकटा भाऊ थावरसिंग याचा जळगावहून नमस्कार.

हे पत्र तुझ्याआधी तुमचे साहेब वाचतील असं पोस्टमास्तरांनी सांगितलं, तेव्हा साहेबांनाही नमस्कार. अक्षर सुवाच्य काढलं आहे. काही चुकलं असेल तर माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंतच झालं आहे, हे त्यांनी ध्यानात घ्यावं.

इकडे सर्व ठीक. आई गावी आहे, प्रकृती बरी. श्रावणापासून तुझी मनिऑर्डर आली नाही आणि पत्रही नाही. ही तक्रार नव्हे. लढाईच्या मुलखात टपालाला उशीर होणारच. तरी खुशालीचं एक कार्ड आलं असतं तर आईने रोज वाटेकडे पाहणं थांबवलं असतं.

मी ज्या जिनात आहे तिथे कापसाचा हंगाम सुरू झाला. हीरालाल शेठ माझ्यावर खूश आहेत. फाटकापाशी उभं राहून बायामाणसांची हजेरी घेण्याचं काम आता माझ्याकडेच दिलं आहे. घरी अडचण होती म्हणून वहिनींनाही याच जिनात लावलं आहे. काम सोपं आहे. यंत्राच्या तोंडाशी कापूस सरकवायचा आणि बोटं सांभाळायची. माझी नजर असते. काळजी नसावी.

गेल्या हंगामात एका बाईचा हात दागिन्यासकट पट्ट्यात गेला. तेव्हापासून मनगटाच्या वर काहीही घालायचं नाही असा जिनात नियम आहे. नियम सर्वांना सारखा. वहिनींनीही तो पाळला. त्यांच्या हातात आता हिरव्या काचेच्या बांगड्या आहेत, कोणत्याही सवाष्णीच्या असतात तशा. त्या शोभतात.

आणखी काही लिहिण्यासारखं नाही. हे पत्र मिळताच पोच द्यावी. एक ओळ पुरे.

तुझा आज्ञाधारक,
थावरसिंग


जळगाव, ता. ३० डिसेंबर १९१७

भिया,

हे पत्र टपालातून येणार नाही. पाचोऱ्याचा चुडामण पाटील तुझ्याच पलटणीतून रजेवर आला आहे. संक्रांतीनंतर तो परत बोटीवर चढेल, त्याच्या हाती देतो आहे. त्याला वाचता येत नाही, याची मी आधी खात्री करून घेतली. जिनाची एक पावती मुद्दाम उलटी करून त्याच्या हातात दिली, तर ती तशीच धरून त्याने गंभीरपणे मान हलवली. म्हणून इथे मी याडीला याडी लिहितो आणि भोजाईला भोजाई. मागच्या पत्रातली आई आणि वहिनी साहेबांसाठी होती.

चुडामणकडून तुझं कळलं. श्रावणात तुला ताप आला, मग इस्पितळ, त्यात पगार अडकला. आता बरा आहेस. "तुना भाऊ मजामा शे," तो म्हणाला. "खेचरं तेनंच ऐकतस, आमनं कोनी ऐकत नही. आनि राजपुतासनी पंगतमा त्याना शिवाय गानं नही." मी त्याला दोनदा चहा पाजला आणि पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावलं. घरचं काही बोलतो का, असं विचारलं. तो म्हणाला, "इचारं तं हासस."

हसतोस ते ठीकच आहे. मी तिथे असतो तर मीही हसलो असतो. भरतीच्या टेबलाशी तू लमाणी म्हणालास आणि कारकुनाने पुढच्याला बोलावलं. मग तू रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा आलास आणि राजपूत म्हणालास, तेव्हा मी तुझ्या मागेच होतो. बाहेर येऊन म्हणालास, "खोटं काय त्यात? चव्हाण तो चव्हाण. आपले वाडवडील कुठून आले ते विचार नाईकाला." मला ते पटलं होतं. अजूनही पटतं. पण पटण्याने काय होतं ते खाली लिहितो.

मागच्या पत्रात एकही वाक्य खोटं नव्हतं. भोजाईच्या हातात काचेच्या बांगड्या आहेत हे खरं आहे. नवरा असेतो उतरत नाहीत त्या आपल्या हाडाच्या बलिया नाहीत, हे मी लिहिलं नाही.

मुनीम इंदरचंदने पहिल्याच दिवशी तिला फाटकात अडवलं. माझ्याकडे वळून म्हणाला, "मास्तर, तुमची माणसं नक्की कोण? वंजारी, लमाणी, का तू सांगतोस तसे राजपूत? एकदा ठरवा. आणि हिच्या हातातली ही हाडं घेऊन आत सोडायची नाही." बायका हसल्या. धरणगावकडची भिकुबाई तिथे जुनी कामकरीण आहे. ती पुढे आली. "काय व माय, बठ्ठा हातभर हाडकं घालीसन यंत्रले जेवन देवाले चालनी का?" मग माझ्याकडे बोट करून, "हाऊ तुना देर शे का दादला? इतला का घाबरस?"

भोजाई परत निघाली होती. तिला मी थांबवलं. घरात दाणा नव्हता, याडी तिकडे तांड्यावर कण्या शिजवत होती. मी म्हणालो, "हाड आहे ते भोजाई, जनावराचं हाड." ती म्हणाली, "तो आला की काय सांगू?" मी म्हणालो, "सांग, थावरूने काढायला लावल्या."

मनगटापासून कोपरापर्यंतच्या एरंडाचं तेल लावून निघाल्या. कोपराच्या वरच्या तिच्या लग्नातल्या, त्यांच्यात हात भरला होता. त्या निघेनात. मिस्त्रीने करवतीचं पातं दिलं, भिकुबाईने कापल्या. एकदा पातं घसरलं. भोजाईने दुसऱ्या हाताने माझ्या सदऱ्याची बाही धरली. मी पाठमोरा उभा होतो. खालची कातडी फिकट निघाली, खूप दिवस पडलेला दगड उचलला की खालचं गवत असतं तशी. पाठमोरा होतो तर हे कसं दिसलं, ते विचारू नकोस.

भिकुबाईनेच मग तिच्या मनगटात हिरवी काच भरली. "सवाशीन शे ना तू? हात उघडा ठेवू नको." कापलेले तुकडे भोजाईने पत्र्याच्या डबीत ठेवले. मी तिला लांब बाह्यांचं पोलकं आणि लुगडं आणून दिलं. इथल्या बायकांत ती उठून दिसेना. बोलली की मात्र कळतं. म्हणून ती बोलत नाही. माझं बोलणं शाळेच्या मास्तरांच्या ओसरीवर, त्यांची गुरं राखता राखता सुधारलं, म्हणून मी बोललो तरी कुणाला कळत नाही. कोण सुखी हे सांगता येत नाही.

तांड्याला कळणार नाही अशी मी तजवीज केली होती. याडीला जळगावला येऊ देत नव्हतो, दर खेपेला काही कारण सांगायचो. पण मार्गशीर्षात ती तांड्यातल्या दोन बायांबरोबर गाडीत बसून आलीच. जिन सुटायची वेळ होती. फाटकातून बाया बाहेर पडत होत्या, मी हजेरी मिळवत होतो. याडीने भोजाईला लुगड्यातही ओळखलं आणि आपली रीत आहे तशी गळ्यात हात टाकून भेटगाणं सुरू केलं. तुला ते ठाऊक आहे. मी इथल्या लोकांना कधी समजावून सांगू शकलो नाही की आमच्या बाया खूप दिवसांनी भेटल्या की एकमेकींना धरून सुरात रडतात, आणि ते दुःख नसतं.

भिया, याडीचे हात तिच्या दंडांवर होते. पोलक्यावरून ते वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. सूर मध्येच थांबला. मग तिने दुसराच सूर लावला.

"मार सोमला! कत गो रं बेटा! मार सोमला!"

तो सूर बापू गेला तेव्हा ऐकला होतास. बरोबरच्या दोघी बाया धावत आल्या, त्यांनीही भोजाईचे दंड चाचपले आणि त्याही बसल्या. मी ओरडत होतो, "याडी, तो जिवंत आहे, जिवंत आहे." माझा आवाज तिघींच्या सुरापुढे कुठे टिकणार? मुनीम बाहेर येऊन विचारू लागला, "कोण मेलं? कोण मेलं?" भिकुबाईने भोजाईचं मनगट वर धरून याडीला काच दाखवली, "हाई देख माय, हिरव्या बांगड्या शेतस, दादला जित्ता शे!" याडीने ते पाहिलंही नाही. काचेला तिच्या लेखी अर्थच नव्हता.

तुझ्या नावाने ते गाणं एकदा म्हटलं गेलं, आणि दोघी बायांनी ते तांड्यावर नेलं.

पाच दिवसांनी मेरामण नाईकाने नसाब बसवला, सगळा तांडा न्यायाला जमला. त्याचं बोलणं जसंच्या तसं लिहितो, कारण मी ते मनात घट्ट धरून ठेवलं आहे.

नाईक म्हणाला, "बाईच्या हातात बलिया नाहीत. नवरा मेला म्हणून उतरल्या असतील तर तिचा दोष नाही. मग रीत आहे, धाकट्या दिराच्या घरी तिचा पाट लागेल. नवरा असून उतरवल्या असतील तर तिने जित्याला मेला केला. तिला तांडा नाही, तिला घरात ठेवील त्यालाही नाही."

कुणीतरी मागून म्हणालं, "दिराची तर चांदीच झाली." हसले. मी कुणाकडे पाहिलं नाही.

मी सांगितलं, भाऊ जिवंत आहे, त्याच्या पलटणीतला माणूस पाचोऱ्यात आहे. नाईकाने विचारलं, "गोर का कोर? आपला का परका?" मी म्हणालो, "कोर. मराठा आहे." तो म्हणाला, "कोराच्या तोंडाची साक्ष गोराच्या नसाबात कधी चालली?" मी म्हणालो, सरकारकडून मेल्याचा कागद आलेला नाही. "कुणाच्या नावाने येईल?" त्याने विचारलं. त्याला सगळं माहीत होतं. "सोमसिंग राजपूत. त्या नावाचा माणूस माझ्या तांड्यात नाही, थावरू. त्याचा कागद आला तरी आमचा नाही, नाही आला तरी आमचा नाही."

खरं तर चुडामणला मी हात धरून तिथे नेऊ शकलो असतो. पण चार पावलांवरून त्याला याडीचा आरशांचा घेरदार फेटिया दिसला असता, आणि सगळं कळलं असतं. मग पलटणीत तुझं काय झालं असतं? त्याला मी सांगितलं की आमचं गाव लांब आहे आणि रस्ता वाईट आहे.

शेवटी नाईक जरा निवला. तो वाईट माणूस नाही. पोलीस पाटील माणसं मोजायला येतो तेव्हा हाच पुढे होऊन शिव्या खातो. म्हणाला, "होळीपर्यंत थांबतो. सोमलाच्या हातात त्याच्या बापाचं चांदीचं कडं आहे. बाप गेला तेव्हा सरणावर ठेवण्याआधी मीच ते कापून काढलं, सोनाराने सांधलं, आणि मी पोराच्या हातात घातलं. तो सांधा मी आंधळा झालो तरी ओळखीन. सोमलाच्या हातात ते कडं मला दिसलं की मी मानीन."

तुला होळीपर्यंत रजा मिळणार नाही, चुडामण म्हणतो आणखी वर्षभर नाही. मी सगळ्या बाजूंनी विचार केला आहे. तू येऊ शकत नाहीस, पण कडं येऊ शकतं. चुडामण पोचताच ते काढून टपालाने नोंदवून पाठव. आत खुशालीच्या दोन ओळी घाल. याडी म्हणते, ते तू लहानपणापासून कधी काढलेलं नाहीस. तरी काढ.

होळी चुकली तर दोनच वाटा आहेत. एक, भोजाईला आणि मला तांड्याबाहेर काढतील, आणि याडीला आमच्याकडे पाणी प्यायची मनाई होईल. याडी फार थकली आहे. तिच्या सरणाला तांड्याची माणसं लागतील, जिनातली येणार नाहीत. दुसरी वाट मी लिहीत नाही.

भोजाई सर्व ऐकून आहे. कामावर येते. तुकड्यांची डबी बरोबर आणते आणि बरोबर नेते.

तुझा,
थावरू


जळगाव, ता. २१ फेब्रुवारी १९१८

राजमान्य राजेश्री सोमसिंग चव्हाण यांस नमस्कार.

चुडामण पाटलांच्या हाती दिलेला निरोप मिळाला असेल. त्यात मागितलेली वस्तू अद्याप आलेली नाही. वस्तू किमती नाही. आईची इच्छा आहे, इतकंच. होळीच्या आत मिळाली तर आईला समाधान होईल. होळीनंतर मिळून उपयोग नाही.

आपल्या खुशालीची सरकारी चौकशी करावी म्हणून येथील भरतीच्या कचेरीत गेलो होतो. कारकून सभ्य होते. त्यांनी गाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, त्या गावात राजपुतांची घरं कोणती, पाटील कोण. मला अचानक जिनात काम असल्याचं आठवलं आणि मी नमस्कार करून निघालो. पुन्हा जाणार नाही. तुम्ही काळजी करू नये, त्यांनी नाव टिपून घेतलेलं नाही.

वहिनींची प्रकृती ठीक. जिनात धूळ फार, त्यामुळे खोकला सर्वांनाच आहे. त्यांच्यासाठी मी फाटकाजवळचं उघड्यावरचं काम मागून घेतलं. त्या दिवसभर समोर असतात. आम्ही बोलत नाही. लोक बोलतात.

वस्तूची वाट पाहतो आहे.

आपला,
थावरसिंग


जळगाव, ता. ६ एप्रिल १९१८

भिया,

चुडामणचा चुलतभाऊ नथ्थू परवा मुंबईला बोटीवर चढतो आहे. त्यालाही वाचता येत नाही. म्हणून सगळं लिहितो.

कडं पोचलं. होळीला आठ दिवस होते. खाकी चिंधीत गुंडाळलेलं, चिंधी तुझ्या गणवेशाची असावी, आणि कुणा लेखकाच्या अक्षरात दोन ओळी: "मागितल्याप्रमाणे वस्तू पाठवली आहे. मी खुशाल आहे, आईला सांगावे." पोस्टातच मी ते उघडलं आणि तिथेच भिंतीला टेकून उभा राहिलो. इतका आनंद मला मास्तरांनी पहिला नंबर दिला तेव्हाही झाला नव्हता. सांधा पाहिला, तो होता. सांध्याला लागूनच कडं कापून फाकवलेलं होतं. ते मला दिसलं, भिया. दिसलं, आणि मी इतकंच मनात म्हटलं की बिचाऱ्याचा हात भरला असेल, सरळ निघालं नसेल.

भोजाईला दाखवलं. तिने कापलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. मग आत जाऊन तिची पत्र्याची डबी घेऊन आली आणि म्हणाली, "चल." मला वाटलं, आनंदाने म्हणते आहे.

नसाब बसला. कडं मी नाईकाच्या हातात दिलं. त्याने आधी सांधा चाचपला आणि त्याचा चेहरा उजळला. मग बोट पुढे सरकलं. तो थांबला. फाकलेली टोकं त्याने पुन्हा पुन्हा पाहिली, मग डोक्यावरचं पागोटं उतरवून मांडीवर ठेवलं. ते पाहून बाकीच्यांनीही उतरवली. एकाने विचारलं, "नाईक, कांई वेगो?" नाईकाने कडं वर धरून सगळ्यांना दाखवलं.

"जित्या हातावरून कडं कापत नाहीत," तो म्हणाला.

तेव्हा मला कळलं. नाईकाने हातातलं कडं पाहायचं म्हटलं होतं. हात नाही आला तरी कडं येईल, हा माझा शोध. कचेरीत असंच चालतं. माणूस येत नाही, त्याची वस्तू येते, कागद येतो, आणि काम होतं. नऊ वर्षं मी तांड्याबाहेर काढली, त्यात एवढं शिकलो.

मी चिठ्ठी काढून वाचली. मोठ्याने वाचली. "मी खुशाल आहे."

"कोण लिहितो?" नाईकाने विचारलं.

"सोमसिंग."

"तो खुशाल असेल. देव त्याला खुशाल ठेवो. आपण सोमलाचं बोलतो आहोत."

मी पुष्कळ बोललो. मी म्हणालो, मीच मागितलं होतं, त्याने माझं ऐकून कापलं, तो माझं नेहमी ऐकतो. मी म्हणालो, चुडामणला आणतो, पायी जातो आणि आत्ता आणतो. चुडामण तर केव्हाच बसऱ्याला पोचला होता, माझ्या ध्यानातही आलं नाही. मी मराठीतच बोलत होतो, हेही मला नंतर कळलं. एक म्हातारा शेजारच्याला विचारत होता, "हा काय म्हणतो?"

तेव्हा भोजाई बायांतून उठली. नसाबात बाई उठून पुढे येत नाही. ती आली, डबी उघडली आणि हाडाचे तुकडे कड्याशेजारी मांडले.

"याही जित्या हातावरून कापल्या," ती म्हणाली. "मी मेले का?"

मला वाटलं, जिंकली. खरंच वाटलं. असं उत्तर मला जन्मात सुचलं नसतं.

नाईक हळू बोलला, रागाने नाही. "हो बेटी. लुगडं नेसून, काच घालून, तोंड मिटून तिकडे उभी असतेस, तेव्हा तू कोण असतेस? तुला मेलेल्यांतून परत आणायचं, म्हणून तर आम्ही बसलो आहोत."

तिने याडीकडे पाहिलं. याडी या वेळी गायली नाही. तिचं गाऊन झालं होतं. ती फक्त दोन्ही हात पुढे करून बसली होती, भोजाईने तिच्याकडे यावं म्हणून. भोजाई तिच्याजवळ जाऊन बसली. त्यानंतर कुणी तिला काही विचारलं नाही, आणि मलाही नाही.

देह नव्हता म्हणून कडं ठेवलं. गोवऱ्या रचल्या, त्यावर तुझी जुनी घोंगडी, घोंगडीवर कडं. आग मी दिली. धाकटा भाऊ देतो. तुझ्या खुशालीची चिठ्ठी तेव्हा माझ्या खिशात होती. घोंगडी जळायला वेळ लागला, लोकरीचा वास तुला आठवत असेल.

चांदी जळत नाही. सकाळी राखेतून कडं उचललं. काळं झालं होतं.

होळीच्या दुसऱ्या दिवशी पाट लागला. गाणी झाली, होळीची आणि पाटाची एकत्रच. काच फोडली आणि नव्या बलिया तिच्या हातांत घातल्या. त्या आपल्या रीतीप्रमाणे नवऱ्यानेच पुढे करायच्या असतात, म्हणून एकेक मी पुढे केली. दंडावर करवतीची खूण आहे. बाया म्हणाल्या, आता झाकली.

ती तांड्यावरच राहते, याडीजवळ. बलिया घालून जिनात येता येत नाही. भिकुबाईने विचारलं, "ती मुकी गाय कोठे गयी?" मी म्हणालो, गावी. मुनीम म्हणाला, "मास्तर, लग्न केलंस म्हणे, पेढे कुठे?" मी पेढे वाटले. मी जळगावातच आहे. शनिवारी तांड्यावर जातो, याडीच्या खाटेजवळ अंगणात निजतो आणि रविवारी परत येतो. माझ्यावर विश्वास ठेव असं मी म्हणणार नाही. जे आहे ते लिहिलं. पुढचं मला माहीत नाही.

आता तुझ्याबद्दल. लढाई संपल्यावर तांड्याकडे जायला पाचोऱ्याला उतरू नकोस. जळगावला उतर, जिनाच्या फाटकाशी ये आणि थावरसिंग कारकुनाला विचार. तू चव्हाण राजपूत म्हणून आलास तर कुणी काही विचारणार नाही. मी तुला राव म्हणेन. सोमला म्हणून आलास तर तांड्यात एक मेलेला माणूस चालत येईल, आणि भोजाईच्या हातातल्या बलिया पुन्हा कापाव्या लागतील का, हे नाईकालाही सांगता येणार नाही. मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "असं काही होत नसतं."

कडं सोनाराकडून पुन्हा सांधून आणलं. आता त्याला दोन सांधे आहेत, जवळ जवळ. नाईकाने ते माझ्या हातात घातलं. मला मोठं होतं, लिहिताना खाली घसरतं, म्हणून आतून तुझीच खाकी चिंधी गुंडाळली आहे.

पत्त्यावर सोमसिंगच लिहितो आहे. दुसरं नाव लिहिलं तर नथ्थू ते कुणाला देणार?

काल निघताना मी भोजाईला म्हणालो की त्याला पत्र जातं आहे, काही सांगायचं का. मी अजून भोजाईच म्हणतो, तीही मला थावरूच म्हणते. ती चुलीपुढे बसली होती. आधी नको म्हणाली. मी वाटेला लागलो तेव्हा मागून हाक मारली. तिने विचारलं आहे, कडं कापताना हाताला लागलं का?

तेवढं कळव.

थावरू